रोल आहे का आत? नागपूरच्या कबाडीतले फिल्म कॅमेरे

(काळा स्क्रीन, फक्त शटरचे आवाज)

ऐका. घर्रर्र... खट. हे एक सेकंदाचं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारा पडदा. आता हे अर्ध्या सेकंदाचं. आणि हे एक छेद साठ सेकंदाचं, नुसतं चक, संपलं.

जुना कॅमेरा हातात आला की आम्ही आधी हेच करतो, लेन्सबिन्स नंतर, आधी कान लावायचा. एक सेकंद म्हणता म्हणता शटर तीन सेकंद रेंगाळत असेल किंवा मधेच अडकून बसत असेल तर समजून जायचं की आतलं ग्रीस वाळलं, कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडून होता, कोणी त्याला हातच लावला नाही. मेकॅनिकल शटरचं असंच आहे, वापरत राहिलं की चालते, ठेवून दिलं की जाम होते. म्हणून आमचं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे की कॅमेरा घेतला ना, तर त्यात रोल टाका.

(दृश्य: इतवारीची गल्ली, हातगाड्या, भंगाराचे ढीग)

हे नागपूर. इथे हे कॅमेरे कुठून येतात? तर घरांतून येतात. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, महाल, जुनी घरं पडून राहिलीत आणि त्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या होऊन राहिल्यात, आणि घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक निघते, ट्रंकेतून कॅमेरा निघतो, पोरं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी, कोणाला काय करायचं त्याचं, मग पितळेची भांडी, जुना रेडिओ आणि कॅमेरा एकाच पोत्यात कबाडीवाल्याकडे जातात. आणि हे शहर 1956 पर्यंत राजधानीचं शहर होतं हे विसरू नका. सरकारी अधिकारी, वकील, रेल्वेवाले, बाजूला कामठीचे फौजी, अशा घरांमध्ये कॅमेरा असायचाच. म्हणून आमचं मत आहे की नागपूरच्या कबाडीत जे निघते ते नशिबाने निघत नाही, ते इथे होतंच.

सगळ्यात जास्त निघतो तो हा. आग्फा क्लिक थ्री. (दृश्य: हातात कॅमेरा, जवळून) हा भारतात बनायचा, बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. हलका, काळा, वर सूर्य आणि ढगाची चित्रं, ऊन असलं तर सूर्यावर ठेवा, ढग असले तर ढगावर, बाकी काही करायचंच नाही. यात 120 चा, म्हणजे कागदात गुंडाळलेला रुंद रोल लागतो आणि बारा चौकोनी फोटो निघतात. तुमच्या आजीकडे काळ्या कागदाचा अल्बम असेल ना, कागदी कोपऱ्यांत अडकवलेले छोटेसे चौकोनी फोटो, पांढरी किनार, अख्खं खानदान अंगणात ओळीने उभं आणि सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले, त्यातले भल्ले फोटो याच कॅमेऱ्याचे किंवा याच्याच जातकुळीतले. ते फोटो इतके लहान का, तर निगेटिव्ह सरळ कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा प्रिंट काढायचे, एन्लार्जमेंटचे पैसे वाचायचे. आणि डोळे बारीक का, तर सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी पाहिजे असा नियम होता, म्हणजे तो समोरच्यांच्या तोंडावर यायचाच.

मग यशिका. इलेक्ट्रो 35, 1966 च्या सुमाराचं मॉडेल, पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या आल्या, 45 एमएमची एफ 1.7 लेन्स, आणि खरं सांगतो त्या लेन्सचा फोटो आजही पाहत राहावा असा येतो. पण कबाडीत हा कॅमेरा लोक सोडून देतात कारण त्यात सेल नसतो आणि त्याचा मूळ 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनतच नाही. सेलशिवाय तो मरत नाही मात्र, फक्त एकाच स्पीडवर चालतो, एक छेद पाचशे. एलआर 44 चे चार बारके सेल एकावर एक ठेवायचे, उरलेल्या जागेत एक स्प्रिंग बसवायची, सहा व्होल्ट मिळतात, झालं काम. सेलची पेटी मात्र उघडून पहाच, आत हिरवं-पांढरं साचलं असेल तर व्हिनेगर आणि कानात घालायची काडी घेऊन बसा, आणि वायरच खाल्ली गेली असेल तर भाव पाडा.

लग्नाच्या फोटोग्राफरांचा यशिका मॅट 124 जी कधीमधी निघतो, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून मान खाली घालून पाहायचा. 1970 ला आला हा. यात चित्र डावं-उजवं उलटं दिसते, नवरी डावीकडे सरकली की काचेत उजवीकडे जाते, नवीन माणसाचा गोंधळ होतो, पण मान खाली असल्यामुळे समोरचा माणूस तुमच्या डोळ्यात पाहत नाही आणि चेहरा सैल पडतो. हे सुख दुसऱ्या कॅमेऱ्यात नाही. पेंटॅक्स के 1000, निकॉन एफएम 2, हे निघाले तर विचार करू नका, दोन्हीत सेल फक्त लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजायला लागतो, सेल गेला तरी सगळे स्पीड चालतात.

आता कबाडीवाल्याच्या गाडीवर उभे आहात असं समजा. मोबाइलचा टॉर्च लावा, लेन्सच्या मागून तिरपा उजेड टाका आणि समोरून बघा. धूळ असेल, असू द्या, धुळीने फोटोला काही होत नाही. पांढरी बारीक जाळी दिसली, फांद्या फुटल्यासारखी, ती फंगस, म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण जुनी असेल तर काचेवरचं कोटिंग खाऊन टाकते आणि पुसल्यावरही डाग राहतो. मग अ‍ॅपर्चरच्या पात्या, म्हणजे लेन्समधला उजेड कमी-जास्त करणाऱ्या, त्या बघा, त्यावर तेल आलंय का. फोल्डिंग कॅमेरा असेल तर त्याच्या भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांना भोकं असतात, अंधारात आतून टॉर्च लावला की चांदण्यासारखी दिसतात.

आणि मागचं झाकण. ते उघडायचं नाही. आधी नाही. हे मी पुढे सांगतो, पण आत्तापासून डोक्यात ठेवा.

(दृश्य: मे महिना, दुपार, रिकामा रस्ता)

आता आपल्या उन्हाचं बोलू. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस डिग्री काही नवीन नाही. लोकांना वाटते कोरडी हवा, कॅमेऱ्याला चांगली. अर्धं बरोबर आहे. बाहेर दुपारी हवेत दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो, त्यात फंगस वाढत नाही, तिला साठ-पासष्टच्या वर लागते. पण आपण राहतो कुठे? कूलरमध्ये. खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्या, चोवीस तास ओली हवा खोलीत, आणि त्याच खोलीतल्या कपाटात लेदरच्या केसमध्ये कॅमेरा. उन्हाळाभर कूलर, लगेच पावसाळा, म्हणजे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो कॅमेरा ओलाव्यातच राहतो. नागपूरच्या लेन्सना फंगस पावसाने लागते असं सगळे म्हणतात, माझं म्हणणं आहे की सुरुवात कूलर करतो. म्हणून कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवू नका, आणि लेदरच्या केसमध्ये तर बिलकूल नाही, लेदर ओलावा धरून ठेवते. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा.

गर्मीचा दुसरा मार फोमवर बसतो. झाकणाच्या खाचेत उजेड आत येऊ नये म्हणून जो काळा फोम असतो, तो तीस-चाळीस वर्षांत विरघळतो आणि बोटाला चिकटतो. तो सगळा खरडून काढून नवीन फोम किंवा काळी लोकर लावायची. किचकट काम आहे पण घरी होते, आणि ते केल्याशिवाय रोल टाकला तर फोटोवर नारिंगी पट्टे येतात.

रोल धुण्याची तर वेगळीच मजा आहे. रंगीत रोल आम्ही कुरिअरने बाहेर पाठवतो. पण ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुतो, आणि ब्लॅक अँड व्हाइटच्या डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, पाणी पाहिजे वीस डिग्री. वीस! मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येते तेव्हा हात भाजतो. मग काय करायचं, तर माठ. रात्री भरून ठेवलेला मातीचा माठ, कोरड्या हवेत त्याचं पाणी पहाटेपर्यंत बावीस-चोवीसवर येऊन बसते, थर्मामीटर टाका आणि बघा, मग त्या पाण्याच्या पातेल्यात बर्फाचे दोन-तीन तुकडे, वीस डिग्री तयार. रोल इलफर्डचा एचपी 5 प्लस, डेव्हलपर डी-76, एकास एक पाणी घालून पातळ केलेलं, वीस डिग्रीला अकरा मिनिटं. डेव्हलपर झाला, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर झाला, आणि शेवटी धुवायलाही माठाचंच पाणी ठेवा, कारण वीस डिग्रीतून फिल्म काढून सरळ नळाच्या गरम पाण्याखाली धरली तर त्यावरचं जिलेटिन फुगते आणि सगळ्या फोटोवर बारीक सुरकुत्या येतात.

हे सगळं पहाटे चारला करायचं. फिल्म अंधारात रीलवर चढवायला चेंजिंग बॅग, म्हणजे उजेड न शिरणारी काळी पिशवी लागते, दुपारी तिच्यात हात घातले की घाम फुटतो, प्लास्टिकची रील ओली होते आणि ओल्या रीलमध्ये फिल्म चढत नाही, अडकते, आणि तुम्हाला दिसत तर काहीच नसते, सगळं बोटांवर चाललेलं. चारला हात कोरडे राहतात. फिल्म बाथरूममध्ये वाळवा, दार बंद, दिवस उजाडून लू सुटायच्या आत, नाहीतर सगळी धूळ ओल्या जिलेटिनवर.

(दृश्य: मारबतीची मिरवणूक, गर्दी, गुलाल)

एवढा खटाटोप कशासाठी? तर यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, 1880 च्या दशकापासून निघून राहिल्या, आपल्या नागपूरशिवाय ही अशी कुठे नाही. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असा गलका, मागे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. हजारो मोबाइल वर उचललेले असतात. आपल्याकडे क्लिक थ्री, बारा फोटो. तुम्ही आपोआप थांबता. मारबतीचा तो मोठा चेहरा जवळ येऊन राहिला, अजून नाही, अजून नाही, बाजूचं पोट्टं बापाच्या खांद्यावर चढलं, आता. चक. त्या गर्दीत बारा वेळा तुम्ही खरंच पाहिलेलं असते. एक सांगतो, या दिवशी ब्लॅक अँड व्हाइट नेऊ नका, पिवळी मारबत त्यात फिकट करडी होऊन जाते आणि जीवच जातो तिचा, रंगीत रोल न्या, त्यातही ढगाळ असते म्हणून 400 चा, म्हणजे कमी उजेडात चालणारा.

काही लोकांकडे काचेच्या शोकेसमध्ये शंभर-शंभर कॅमेरे आहेत, पॉलिश केलेले, रांगेत. त्यांची मेहनत आहे, पण आम्हाला ते पटत नाही. पाच ठेवा, पाचही चालवा. ज्यात रोल टाकायला वेळ नाही तो दुसऱ्याला द्या, आर्ट कॉलेजचं एखादं पोरगं खूश होऊन जाईल.

(दृश्य: कॅमेऱ्याचा वरचा भाग, रिवाइंडचा नॉब)

आता ते झाकण. 35 एमएमच्या कॅमेऱ्यात डावीकडे वर हा नॉब राहतो. बाणाच्या दिशेने हळूच फिरवा. मोकळा फिरला तर आत काही नाही. ताण लागला तर आत रोल आहे, कोणाचा तरी, धुवायचा राहिलेला. मग खालचं बटण दाबून पूर्ण गुंडाळा आणि नंतरच उघडा. क्लिक थ्रीसारख्या 120 च्या कॅमेऱ्यात मागे लाल खिडकी असते, त्यात आकडा दिसला की रोल आहे, पुढे गुंडाळत न्या.

आमच्याकडे असाच एक आला होता, पण कबाडीच्या गाडीवर आधीच कोणी तरी झाकण उघडून पाहिलं होतं. आत इंदूचा ब्लॅक अँड व्हाइट रोल. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, 1960 मध्ये सुरू झालेली आणि आता बंद पडलेली आपली सरकारी कंपनी. रोल धुतला. झाकण उघडल्यावर उजेड बाहेरच्या वेटोळ्यांवर आधी पडतो, म्हणजे शेवटी काढलेले फोटो जातात आणि आधीचे आत सुरक्षित राहतात. तसंच झालं, शेवटचे सगळे काळे, सुरुवातीचे आले, धुरकट पण आले. तान्हा पोळा. अंगणात चार पोरं, प्रत्येकाच्या पुढ्यात चाकांचा लाकडी नंदी, एका नंदीचं शिंग मोडलेलं, आणि त्याच पोराने छाती सगळ्यात जास्त पुढे काढलेली.

कबाडीवाल्या भाऊला घर आठवत होतं. प्रिंट घेऊन गेलो तर आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि मोडक्या शिंगाच्या पोरावर बोट ठेवलं. "हा माझा लहाना दीर जी. शिंग यानंच मोडलं आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं." मग विचारलं, "पुढचे कुठे आहेत? जेवणाची पंगत पण काढली होती ना यांनी."

पुढचे नव्हते.

कबाडीवाला भाऊ बाजूलाच उभा होता, त्याने ते ऐकलं. आता कॅमेरा आला की तो स्वतः आधी नॉब फिरवून बघतो. परवा त्याचा फोन आला होता. "भाऊ, याच्यात रोल दिसून राहिला. म्या झाकण उघडलं नाही, पिशवीत गुंडाळून वर ठेवला आहे. संध्याकाळच्या आत या, नाहीतर पोट्टे खोलून टाकतील."