कोविडची लाट उतरताना घरात काय सांभाळायचं

(जून 2021च्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या श्रोत्यांसाठी एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दिलेल्या ऑनलाइन व्याख्यानाचं शब्दांकन; आकडे आणि लशीचे नियम त्या वेळचे)

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना सगळ्यांना? बरं. सध्या ओपीडीत, बाजारात, फोनवर सगळीकडे मला एकच प्रश्न येतो, "डॉक्टर, संपलं ना आता?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, आणि गेल्या महिन्यात आपण जे बघितलं त्यानंतर तसं वाटणं साहजिकच आहे. मेच्या सुरवातीला शंभर टेस्ट केल्या की जवळजवळ पन्नास पॉझिटिव्ह निघत होत्या, 11 मेला एका दिवसात 75 माणसं गेली, पंधरा-सोळा लाख वस्तीच्या गोव्यात हा आकडा म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणीतरी.

आकडे उतरतायत, खरोखर उतरतायत. पण पेपरात नुसते "आजचे नवे रुग्ण" वाचू नका, टेस्ट किती झाल्या तेही बघा. लोक टेस्टला आलेच नाहीत तर रुग्ण कमीच दिसणार. शंभरात किती पॉझिटिव्ह, हा आकडा सलग दोन आठवडे पाचच्या खाली राहिला की साथ आटोक्यात आली असं जागतिक आरोग्य संघटना मानते, आपण अजून तिथे पोचलेलो नाही. आणि मृत्यूचा आकडा मागून उतरतो, कारण लागण, मग लक्षणं, मग ॲडमिट होणं, मग जे काय व्हायचं ते, यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर आज बोलायला बसलोय ते सांगतो. लोक उशिरा येतात. आठ-आठ दिवस ताप अंगावर काढतात, फार्मसीतून कसल्या तरी गोळ्या आणतात आणि दम लागला की मग गाडी शोधतात. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, ही भीती आहे. मे महिन्यात गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, रात्री दोन ते सहाच्या दरम्यान ऑक्सिजनचं प्रेशर कमी पडत होतं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि ज्यांनी आपलं माणूस तिथे गमावलं त्यांना "घाबरू नका" असं सांगायचा मला हक्कच नाही. पण त्यानंतर तिथे 20,000 लिटरची लिक्विड ऑक्सिजनची टाकी बसली, आणि आता गर्दी ओसरल्यामुळे आरोग्य केंद्रात टेस्टसाठी तासन्‌तास उभं राहावं लागत नाही, नर्सला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ आहे. लवकर यायची खरी सोय आत्ता झालीय, आणि नेमकं आत्ताच लोक यायचे थांबलेत, हे बघून जीव तुटतो हो.

म्हणून ताप, खोकला, घसा, अंगदुखी, काहीही असो, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच टेस्ट करा. लक्षणं सुरू झाली तो दिवस कॅलेंडरवर लिहा, कारण पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत जास्त लक्ष ठेवायचं असतं, आणि बरेच जण पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, कपाटात ठेवून देतात. हा ऑक्सिमीटर लावायचा कसा तेही सांगतो. पाच मिनिटं शांत बसायचं, पावसात आजीची बोटं गार पडलेली असतात ती चोळून गरम करायची, नेलपॉलिश असेल तर काढायचं, मधल्या बोटाला लावून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं, पहिला दिसला तो आकडा लिहायचा नाही. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालून परत बघायचं. चालण्याआधीच 94 च्या खाली असेल तर चालायला लावू नका, फोन करा. चालल्यावर तीन-चारने उतरला तरी फोन करा, रात्र असली तरी.

आणि स्टिरॉइड मनाने घेऊ नका. ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांचा त्याने जीव वाचतो हे गेल्या वर्षीच्या मोठ्या चाचणीत दिसलं, ज्यांना लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, उलट नुकसानाची शक्यता होती. डायबिटीस असेल तर साखर भडकते आणि मग ते काळ्या बुरशीचं संकट. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या गोळीचं म्हणाल तर मेमध्ये गोवा सरकारने अठराच्या वरच्या सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं होतं, पण जागतिक आरोग्य संघटना ते चाचणीबाहेर वापरू नका म्हणते आणि माझंही तेच मत आहे. त्या गोळीच्या भरवशावर मास्क काढलेली माणसं मी बघितलीत.

भाजी साबणाने धुणं, पदेराने, म्हणजे पाववाल्याने, दिलेली पिशवी उन्हात ठेवणं, हे सोडलंत तरी चालेल. तोच वेळ खिडक्यांना द्या. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो आणि आता पाऊस लागला, कदंबाच्या सरकारी बसच्या काचा बंद, घरांच्या खिडक्या बंद. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं तरी उघड्या ठेवा. बंद खोलीत पाहुणे असतील तर मास्क, मग ते सख्खे भाऊ का असेनात.

पावसाबरोबर डेंगी येणार, शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. ताप आला की "कोविड नाही" एवढ्यावर थांबू नका, त्याही टेस्ट करायला सांगा, आणि तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी पेनकिलर नको, डेंगी असला तर रक्तस्राव वाढू शकतो.

शेवटचं लशीचं. 21 जूनपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना केंद्राकडून फुकट मिळणार आहे. ज्यांना कोविड होऊन गेला त्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, बाकीच्यांनी थांबू नका. कोविशील्डचा दुसरा डोस बारा ते सोळा आठवड्यांनी. घरातल्या वयस्करांचा पहिला डोस एप्रिलात झाला असेल तर 84 दिवस जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत भरतात, गणपतीची चवथ आहे 10 सप्टेंबरला, म्हणजे डोसनंतर अंगात ताकद यायला जे दोन आठवडे लागतात ते आरामात मिळतात. मुंबईची, पुण्याची मंडळी घरी यायच्या आधी हे होऊ दे. मेसेज आला नाही तर वाट बघू नका, आधार कार्ड आणि पहिल्या डोसचं सर्टिफिकेट घेऊन सरळ केंद्रावर या. घरात कोणाला चालवत नसेल, केंद्रावर येता येत नसेल, तर केंद्रात तसं नाव द्या, काय करता येईल ते आपण बघू.