ऑनलाइन गणिताच्या तासाला ‘समजलं का?’ विचारू नका

छात्रअध्यापक मित्रमैत्रिणींनो, सराव पाठाच्या निरीक्षणाला बसलं की ‘समजलं का?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. वर्गात तो निभावून जातो, कारण तोंडाने ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा खरं काय ते सांगत असतो. ऑनलाइन तासाला चेहरेच नसतात. डेटा वाचवायला कॅमेरे बंद, आणि चॅटमध्ये ‘हो मॅडम’ची रांग.

सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे छोट्या पाठातून एकेक अध्यापन कौशल्य सरावण्याच्या पद्धतीवर, १९७०च्या दशकात आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मोलाचं काम झालं. त्यातलं उद्दीपक बदलाचं, म्हणजे मुलांचं लक्ष टिकवायला सादरीकरणात बदल करत राहण्याचं कौशल्य तुम्ही टाचणात लिहिता: वर्गात फिरणं, हातवारे, आवाजाचा चढउतार. स्क्रीनवर फिरायला जागाच नाही. मग बदल करायचा तो प्रश्नात.

०.४ मोठा की ०.३५? पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. पण हा प्रश्न तुम्ही नुसता टाकलात, तर एक हुशार मूल आधी उत्तर लिहितं आणि बाकीचे तेच उतरवतात. म्हणून सांगा, ‘उत्तर टाइप करून ठेवा, मी म्हणेपर्यंत पाठवू नका.’ मग सगळी उत्तरं एकदम पडतात आणि वर्ग कुठे उभा आहे ते दिसतं. लगेच बरोबर-चूक सांगू नका. दोन्ही बाजूंच्या एकेकाला माइक द्या. ‘पण मॅडम, पांत्रीस तो मोटा छे ने!’ असं एखादा गुजरातीत म्हणाला, की खरा तास तिथे सुरू होतो. त्याला गुजरातीतच बोलू द्या. मग संख्यारेषा काढा, ० ते १ चे दहा भाग करा आणि ०.३५ कुठे बसेल ते त्यालाच दाखवू द्या. तिसऱ्या आणि चौथ्या खुणेच्या मधोमध त्याने बोट ठेवलं, की तुम्हाला बोलायचं फारसं उरत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबा, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला दिसलं, की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ऑनलाइनमध्ये माइक सुरू करण्यातच तेवढा वेळ जातो. मनात दहा अंक मोजा. शांतता तुम्हाला खुपेल, मुलांना नाही.

जिओजेब्रा या आकृत्या हलवून दाखवणाऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरचंही तेच. त्रिकोणाचा शिरोबिंदू पायाला समांतर सरकवण्याआधी क्षेत्रफळ वाढेल, घटेल की तेवढंच राहील, याचा अंदाज मुलांकडून लिहून घ्या. नाहीतर ते नुसतं बघणं होतं.

आणि ज्या घरी एकच फोन आहे, तोही वडिलांबरोबर संध्याकाळी येतो, तिथल्या मुलीकडे वहीचा फोटो मागू नका. तो कुणाचंही बघून काढता येतो. ०.३५ लहान का, हे तिच्या शब्दांत सांगणारा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागा, आणि तो ऐकून त्याच रात्री उत्तर द्या.