येळवस, स्लीपिंग बॅग आणि साठ दिवसांची रजा

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'जवानाची रजा आणि गावाची जबाबदारी'. त्यावर येतोच. पण परवाच येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची वेळ अमावस्या, झाली, शेंगा-भाज्यांची भज्जी अजून जिभेवर आहे, म्हणून तिथनंच सुरुवात करतो.

आपल्याकडं येळवसेला कलेक्टर जिल्ह्याला सुट्टी देतात. शेतात कडब्याची कोपी, आत पाच दगडांचे मांडलेले पांडव, पिठाचे उंडे, मडक्यात ताक-ज्वारीची आंबील. त्या दुपारी गावात कुत्रं सापडत नाही, तेही कुणाच्या तरी शेतात जेवायला गेलेलं असतं. पण लातूर-धाराशिव ओलांडलं की हा सण कुणाला सांगून पटत नाही. फौजेतल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'अमावस्येचा सण'. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "अमावस को लोग घर से निकलते नहीं, और तुझे घर जाना है?" दिवाळी, होळी, ईद सगळ्यांना माहीत. आमची येळवस रजेच्या हिशेबात कुठंच बसत नव्हती.

पुढं लेहजवळ होतो. उंची साडेतीन हजार मीटर. हिवाळ्यात झोजिलाची घाट-वाट बंद, ताजी भाजी आली तर विमानानं, नाहीतर डबा फोडायचा. सकाळी बादलीवरचा बर्फ मगानं फोडून तोंड धुवायचं, दिवसभर ड्युटी नाहीतर फटीक, म्हणजे अंगमेहनतीची कामं, संध्याकाळी रोल कॉलला उद्या कुणाला कुठं जायचं ते कळायचं. रविवारी मंदिर परेड. बस, हीच सुट्टी. माझ्या काळ्या पेटीत मात्र आईनं दिलेलं दोन किलो ज्वारीचं पीठ होतं. आम्ही लातूरकडचे तिघं होतो. ठरवलं, यंदा येळवस करायची.

ओल्या तुरीच्या शेंगा कुठल्या तिथं? डब्यातला वाटाणा, लंगरमधलं, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातलं बेसन, भिजवलेले हरभरे. त्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशाच्या आसपासच उकळतं. हरभरा दोन तास उड्या मारत राहिला, शिजायचं नाव नाही. शेवटी लंगर कमांडरचे पाय धरून कुकर मिळवला.

खरी पंचाईत आंबिलीची. दूध पावडरीचं दही कसंबसं लावलं, ताक केलं, त्यात पीठ कालवलं. पण ते आंबणार कसं? बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, रात्री विझवायचा हुकूम, कारण बंद बराकीत तिच्या धुरानं माणसं झोपेतच दगावतात. मग मी डेचकीला फडकं बांधलं आणि स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपलो. लग्न नुकतंच झालं होतं माझं. घरी हे अजून सांगितलेलं नाही, आज मंडळी समोरच बसल्यात!

पहाटे बराकभर आंबट वास. कुणीतरी चुगली केली. सुभेदार साहेब आले, डेचकी उघडली आणि माझ्याकडं बघितलं. "बराक में दारू उतार रहा है?" मी म्हणालो, साहेब, आंबील आहे, देवाची आहे. "पी के दिखा." मी घटाघटा प्यालो. त्यांनी बोट बुडवून चाखलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ये तो राबड़ी है!" हिसारकडचे होते ते. त्यांच्याकडं बाजरीचं पीठ ताकात आंबवून राबडी करतात. दोन मग प्याले, आणि आमच्या वाट्याला तळाचा चोथा राहिला.

लंगरवरनं आठवलं, रजेवर येताना अंबाल्याला सचखंड एक्स्प्रेस धरली की वाटेत गुरुद्वाऱ्याचे लोक गाडीतच जेवण देतात. एका लंगरमधनं निघायचं, दुसऱ्या लंगरमध्ये जेवत नांदेडला... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. यातली तीन भाऊसाहेबांच्या आभाराची.

तर मुद्दा. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक, तीही हक्क म्हणून मागता येत नाही, गरज पडली तर परत बोलावतात. आणि आलेला जवान रजा कुठं घालवतो? कचेरीच्या बाकड्यावर. फेरफार, वारस नोंद, रेशनकार्ड. माझा पुतण्या सध्या सीमेवर आहे. ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढावा लागतो. तो तिथनं कसा काढणार? मागच्या खेपेला आला, सोळा दिवस हेलपाटे घातले, आईसोबत एकदाही शेतात जेवला नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं अर्ज द्या, पण त्याचा पाठपुरावा करायला गावात माणूस पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. कुठल्या जवानाचं कुठलं काम अडलंय ते लिहा, आणि तो यायच्या आधी गल्लीतल्या दोन पोरांनी त्या कामामागं लागावं. बाकी बोलायचं होतं, राहिलं.

सरपंच, वही मी आणलीय. दोनशे पानी आहे. पहिल्या पानावर पुतण्याचा फेरफार लिहिलाय. पेन पण आहे, घ्या.