पडून राहिलेली मोटारसायकल

नमस्कार श्रोतेहो. चार-सहा महिने पडवीत किंवा सोसायटीच्या आवारात उभी राहिलेली मोटारसायकल सुरू तर होते, पण धड चालत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. मुळीच सुरू न होणाऱ्या गाडीपेक्षा अशी गाडी अधिक छळते, कारण ती आशा लावते आणि नेमक्या चढावर धापा टाकते.

इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. उभ्या गाडीत तिन्हींची वाट अडू शकते, पण बहुतेकांचा हात पहिल्यांदा पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडेच जातो, आणि त्याला कारणही आहे. कार्बोरेटरच्या तळच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो, मागे चिकट थर राहतो आणि रेस न देता इंजिन फिरते तेव्हा पेट्रोल सोडणाऱ्या स्लो जेटच्या अतिशय बारीक छिद्रात तो बसतो. शिवाय आपल्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. ऊस पिकवणाऱ्याचे त्यात भले होत असेल तर माझी तक्रार नाही, परंतु पावसाळाभर गाडी उभी ठेवणाऱ्याने जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, हे बरे.

तरीही कार्बोरेटर खोलण्याआधी एक परीक्षा करावी. इंजिन चांगले तापू द्यावे आणि मग हळूच चोक ओढून पाहावा. चोक हवा कमी करतो, एवढे लक्षात ठेवले की उत्तर आपोआप मिळते. चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत आहे. चोक ओढल्यावर ती आणखी गुदमरली, तर तिला हवा कमी पडत आहे. पुन्हा सांगतो: सुधारली तर पेट्रोल कमी, गुदमरली तर हवा कमी.

देवगड तालुक्यातील आमच्या गावी एक शेजारी गणपतीला मुंबईहून आले. त्यांची शंभर सीसीची गाडी मे महिन्यापासून पडवीत, भाताच्या कणगीशेजारी उभी होती. एका किकमध्ये गाडी सुरू झाली, स्लोवर शांतपणे फिरूही लागली; पण रेस दिली की घुसमटायची, काळा धूर सोडायची आणि घाटीवर तर उतरून ढकलावी लागायची. त्यांच्या भाच्याने दोनदा कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केले, नवा प्लग आणून बसवला. गाडीत काडीचा फरक पडला नाही. तोवर चतुर्थी दारात आली होती आणि मूर्ती आणायला दुसऱ्याची रिक्षा सांगावी लागली, याचा राग शेजाऱ्यांना गाडीपेक्षा भाच्यावर अधिक होता.

अखेर तिठ्यावरचे मिस्त्री आले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी तापलेल्या गाडीचा चोक ओढला. गाडी तत्काळ बंद पडली. भाचा म्हणाला, ‘चोकच खराब झाला आहे.’ मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी प्लग काढून दाखवला. आठवडाभरापूर्वी घातलेला तो नवा प्लग कंदिलाच्या काचेसारखा कोरड्या काजळीने काळा झाला होता. पेट्रोल पुरेसे येत होते, ते जाळायला हवा नव्हती. मग बाजूचे कव्हर उघडून त्यांनी एअर फिल्टरच्या पेटीत दोन बोटे घातली आणि ओढायला सुरुवात केली. आधी नारळाचा काथ्या आला, मग भाताचे तूस, मग गोधडीतला कापूस, आणि शेवटी मऊ कुरतडलेल्या छापील कागदाचा लगदा. एका तुकड्यावर गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे शाबूत होते. मिस्त्र्यांनी तो तुकडा उजेडात धरला आणि ओरडून सांगितले, ‘इन्शुरन्स गावलो तुझो!’ उन्हाळ्यापासून ज्या कागदासाठी मुंबईच्या घरातली कपाटे पालथी घातली गेली होती, तो शेजाऱ्यांनी स्वतःच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कव्हरच्या आत खोचला होता. उंदरीण पिशवीसकट तो घेऊन गेली होती. फिल्टर कुरतडलेला निघाला म्हणून तोही बदलला, कारण फाटक्या फिल्टरमधून धूळ थेट इंजिनात जाते. त्याच संध्याकाळी गाडी दोघांना घेऊन घाटी चढली.

चोकने काहीच कळले नाही, तर ठिणगी आणि बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांना चोक नसतो आणि पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो, म्हणून तिथे आरंभच बॅटरीपासून करावा. नव्या गाड्यांची किक काढून टाकणाऱ्यांनी एक पावसाळा कोकणात काढावा, असे माझे जुने मत आहे.

गाडी पुन्हा उभी करताना टाकी भरून ठेवावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि सायलेन्सरच्या व हवेच्या तोंडात चिंधी कोंबावी. त्या चिंधीची आठवण देणारी लाल दोरी मात्र हँडलला बांधावी, नाहीतर पुढच्या गणपतीला चोक ओढल्यावर गाडी तेच उत्तर देईल.