हडसनबाईंच्या नवऱ्याचं काय झालं?

नमस्कार मंडळी! आज खरं तर रंकाळ्याच्या काठावर बसून बोलायचं ठरवलं होतं, पण वारं एवढं सुटलंय की माईकमध्ये नुसतं घोंगावतंय, म्हणून परत घरी आले आणि खिडकी लावून बसलेय. विषय लई दिवस डोक्यात आहे. एखादं पात्र आपल्याला जीवापाड आवडतं आणि लेखकानं त्याच्या प्रेमाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नसतं, मग आपण ते मनातल्या मनात लिहायला लागतो. तुम्ही पण केलंय ना? मी शाळेपासून करते.

आज शेरलॉक होम्सच्या घरातलं बोलायचंय. आता होम्स आणि प्रेम म्हटलं की सगळे थेट आयरीन ॲडलरकडे पळतात. १८९१ सालची गोष्ट, होम्सला हरवून निघून गेलेली बाई, तिचा फोटो त्यानं बक्षीस म्हणून मागून घेतला, सगळं मान्य. पण वॉटसननं, म्हणजे होम्सच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या मित्रानं, तिथंच पहिल्या पानावर सांगून टाकलंय की हे काही प्रेमबिम नव्हतं. आणि तिच्याबद्दल बोलून झालंय हो सगळ्यांचं.

माझी बाई दुसरी आहे. मिसेस हडसन. बेकर स्ट्रीटची घरमालकीण.

कॉनन डॉयलनं होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या, आणि एवढ्या सगळ्यात या बाईचं पाळण्यातलं नाव कुठंच नाही. सिनेमावाले तिला मार्था म्हणतात, पण ते १९१७ च्या कथेतल्या एका म्हाताऱ्या मोलकरणीचं नाव आहे, ती हडसनबाई आहे असं त्या कथेत कुठंच लिहिलेलं नाही. आणि मिस्टर हडसन? ते तर औषधाला पण नाहीत. 'मिसेस' आहे, म्हणजे कधीतरी कुणीतरी होतं. बास, एवढीच चिमूटभर जागा, आणि मला त्याच जागेत शिरायचंय.

आता माझं म्हणणं नीट ऐका. अशी लव्हस्टोरी रचताना लोक काय करतात, आधी एक देखणा माणूस आणतात, मग पाऊस आणतात, मग ताटातूट. तसं केलं की ती गोष्ट कुणाचीही होते, हडसनबाईंची होत नाही. माझ्या मते आधी पात्राचं वागणं बघायचं, त्यातलं कुठलं वागणं पुस्तकात कारणाशिवाय पडलंय ते शोधायचं, आणि प्रेम तिथं ठेवायचं.

हे मला एका काकूंनी शिकवलं, म्हणजे त्यांना माहीत पण नाही. मी गारगोटीहून शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा शिवाजी पेठेत एका काकूंकडं खोली घेऊन राहायचे. वरच्या खोलीत एक मुलगा पेटी शिकत होता आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत तेच तेच सारेगम. शेजारचे भांडायला यायचे, मी पण वैतागायचे, काकू मात्र कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "वाजू दे गं, आवाज असला की मी निवांत झोपतो." (आमच्याकडच्या बायका 'झोपतो, आलो, गेलो' असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) मला वाटलं काकू गाण्याच्या शौकीन असतील. दोन वर्षांनी कळलं की काका टेलर होते आणि दिवाळीच्या आधी रात्र रात्र मशीन चालवायचे. काका गेले तसं घर गप्प झालं होतं. म्हणजे वागणं मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, कारण नंतर कळलं.

तर आता हडसनबाईंचं वागणं बघू.

होम्स म्हणजे भाडेकरू म्हणून काय प्रकार होता! घरात केमिकलचा घाण वास, नको त्या वेळी गाणंबजावणं, आणि एकदा खुर्चीत बसल्या बसल्या पिस्तुलानं भिंतीत गोळ्या मारून राणीच्या नावाची अक्षरं काढली. लोक म्हणतात बाईंनी पैशासाठी सहन केलं. वॉटसन लिहितो पण, की होम्सनं एवढं भाडं भरलं की त्यात ते घरच विकत आलं असतं. पण पैशासाठी माणूस वास सहन करतो, गोळीसमोर जात नाही. १९०३ ची 'द एम्प्टी हाऊस' आठवा. खिडकीत होम्सचा मेणाचा पुतळा ठेवलाय, समोरून त्याच्या जिवावर उठलेला कर्नल मोरन नेम धरणार आहे, आणि पुतळा जिवंत वाटावा म्हणून दर पंधरा मिनिटांनी त्याला हलवायचंय. कोण हलवतं? हडसनबाई. गुडघ्यांवर रांगत, आपली सावली पडू न देता, दोन तासांत आठ वेळा. आणि गोळी येऊन पुतळ्याचं डोकं फोडून गेल्यावर ही बाई काय करते तर कार्पेटवरनं गोळी उचलून होम्सच्या हातात देते आणि पुतळा खराब झाला म्हणून हळहळते. काय काळीज असेल बघा!

आणि हीच बाई, त्याच दिवशी दुपारी, तीन वर्षं सगळ्यांनी मेला म्हणून धरलेला होम्स नुसता दारात उभा राहिला म्हणून किंचाळून रडून कोसळली होती. होम्स स्वतःच वॉटसनला सांगतो, एका वाक्यात, आणि पुढं जातो. मी काही पुढं जाऊ शकले नाही. जिला गोळी घाबरवत नाही तिला परत आलेला माणूस का एवढा हलवतो?

आता दुसरा धागा, आणि हा माझा सगळ्यात लाडका. १८९३ च्या 'द नेव्हल ट्रीटी'मध्ये होम्स म्हणतो की बाईंना फार पदार्थ येत नाहीत, पण नाश्ता मात्र एखाद्या स्कॉटिश बाईसारखा करतात. त्या दिवशी टेबलावर चिकन करी आहे बरं का, सकाळच्या नाश्त्याला, आपल्या कोल्हापूरकरांना शोभेल असं. पण मला करीपेक्षा ते वाक्य अडलं. स्कॉटिश बाईसारखा म्हणजे बाई स्वतः स्कॉटिश नसणार. मग कुणाकडनं शिकल्या? आणि फक्त नाश्ताच का?

इथनं पुढं माझं आहे, डॉयलचं नाही.

लंडनची पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली आणि बेकर स्ट्रीट हे तिच्यावरचं स्टेशन. त्याच्या आधी तिथला रस्ता उभा खणून, आत विटांची कमान बांधून, वरनं परत माती टाकायचं काम चाललेलं. माझा हडसन त्या कामावरचा स्कॉटिश गवंडी. ती वीस वर्षांची, आईच्या खानावळीत हाताखाली. तो पहाटे कामावर जायचा आणि रात्री विटांच्या धुळीनं माखून यायचा, न जेवता झोपायचा, त्यामुळं दोघांची भेट फक्त नाश्त्याला. तिनं पहिल्या दिवशी ओटची लापशी साखर घालून दिली. त्यानं वाटी गप संपवली, उठताना म्हणाला, आमची आई मीठ घालते. दुसऱ्या दिवशी तिनं मीठ घातलं, जास्त झालं, त्यानं तीही संपवली. तिसऱ्या दिवशी ती समोर उभी राहिली आणि किती घालायचं ते त्यानं आपल्या चिमटीनं दाखवलं, ते विटांमुळं फुटलेलं बोट तिच्या तळहातावर टेकलं, तेवढंच. माझ्यासाठी लग्न तिथंच ठरलं.

मग संसार, मग दुसऱ्या गावचं बोगद्याचं काम, एका सकाळी नाश्ता करून गेला आणि आला नाही. पत्र नाही, प्रेत नाही. काही फॅन 'ग्लोरिया स्कॉट' या होम्सच्याच कथेतल्या हडसन नावाच्या ब्लॅकमेलर खलाशाला तिचा नवरा करतात, मला ते अजिबात पटत नाही, आडनाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही.

आता १८९१ बघा. होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात गेला असं सगळ्यांनी धरलं, आणि त्याचंही प्रेत मिळालं नाही. तीन वर्षं त्याच्या भावानं, मायक्रॉफ्टनं, त्या खोल्या होत्या तशा ठेवल्या असं होम्स सांगतो, पण मायक्रॉफ्ट काय धूळ पुसायला येत नव्हता. ती पुसत होती. दुसऱ्यांदा.

आणि १८९४ च्या वसंतात दार वाजलं. पहिल्यांदाच गेलेलं माणूस परत आलं. किंचाळणार नाही तर काय करेल हो ती?

होम्स म्हणतो की दुपारी दोन वाजता तो आपल्या जुन्या खुर्चीत बसला होता. बाईंनी तोवर काय केलं ते पुस्तकात नाही. माझ्या मनात आहे ते असं, की डोळे पुसले, खाली गेल्या, चूल पेटवली, आणि दुपारच्या दोन वाजता त्याच्यासाठी नाश्ता वर आणला.