सुलेमानी गेला, हिशोब कुणी चुकता केला?

नमस्कार. विषय तुम्हाला माहितीच आहे, 3 जानेवारी 2020ला बगदादमध्ये अमेरिकेने इराणच्या कासिम सुलेमानीला मारलं, म्हणजे इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाची देशाबाहेरची कामं बघणाऱ्या कुद्स दलाच्या प्रमुखाला, त्यानंतर राजकारणात काय झालं. पण मी त्या रात्रीपासून सुरुवात करणार नाही. विमानतळाच्या रस्त्यावर जळणारी गाडी, तो हात, त्या हातातली लाल खड्याची अंगठी, हे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. मला सुरुवात करायचीय एका रिक्षापासून.

बगदादच्या तहरीर चौकात ऑक्टोबर 2019पासून पोरं बसली होती. वीस-बावीसची पोरं, नोकरी नाही, वीज नाही, आणि सद्दाम गेल्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी बघितलं काय तर पक्षांनी मंत्रालयं आपसात वाटून खाल्ली. गोळीबार झाला की ॲम्ब्युलन्स आत शिरायची नाही, मग जखमींना उचलून न्यायचं काम टुकटुकवाल्यांनी केलं. टुकटुक म्हणजे आपली तीनचाकी रिक्षाच, त्यातल्या कितीतरी भारतातूनच गेलेल्या. पोरांनी चौकातच एक छोटं वर्तमानपत्र छापायला सुरुवात केली, त्याचं नावही 'टुकटुक'. घोषणा होती 'नुरीद वतन', म्हणजे आम्हाला देश हवाय. फक्त दोन शब्द, पण त्यात अमेरिकाही नको आणि इराणही नको हे सगळं आलं.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. ही पोरं बहुतेक शिया होती. म्हणजे इराण ज्यांना आपली माणसं समजत होता तीच. आणि त्याच पोरांनी नोव्हेंबरमध्ये नजफमधली, म्हणजे शियांच्या पवित्र शहरातली, इराणची वकिलात जाळली. दोन दिवसांनी पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे या आंदोलनात 500च्या आसपास माणसं मेली, बहुतेक सुरक्षा दलांच्या आणि मिलिशियांच्या, म्हणजे इराणच्या पाठबळावरच्या सशस्त्र गटांच्या, गोळ्यांनी, काही तर अश्रुधुराची नळकांडी थेट डोक्यात बसून.

तिकडे खुद्द इराणमध्ये त्याच नोव्हेंबरात पेट्रोलचे भाव एका रात्रीत वाढवले, लोक रस्त्यावर आले, सरकारने जवळपास आठवडाभर इंटरनेट बंद केलं आणि गोळ्या घातल्या. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने नावानिशी नोंदवलेले मृत्यूच 300च्या वर आहेत. म्हणजे डिसेंबर 2019 संपताना तेहरानचं सरकार घरातही अडचणीत होतं आणि शेजारीही. त्यांच्या विरोधात उभं कोण होतं तर त्यांच्याच रस्त्यावरची निःशस्त्र माणसं.

मग ती साखळी सुरू झाली. 27 डिसेंबरला किर्कुकजवळच्या तळावर रॉकेटं पडली, एक अमेरिकी कंत्राटदार मेला. 29ला अमेरिकेने कताइब हिजबुल्लाह या इराणच्या बाजूच्या इराकी मिलिशियाच्या ठिकाणांवर बॉम्ब टाकले, त्यांची पंचवीसेक माणसं मेली. 31ला जमावाने बगदादच्या अमेरिकी दूतावासाचं गेट फोडलं. आणि 3 तारखेला पहाटे एकच्या सुमारास ड्रोन. गाड्यांमध्ये सुलेमानी एकटा नव्हता, दहा माणसं मेली, त्यात अबू महदी अल-मुहंदिस होता. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये हे नाव दुसऱ्या परिच्छेदात गेलं आणि माझ्या मते तिथेच आपली समज चुकली. कारण मुहंदिस इराकी होता, आणि ज्या हश्द अल-शाबीचा, म्हणजे मिलिशियांच्या एकत्रित संघटनेचा, तो उपप्रमुख होता ती 2016च्या कायद्याने इराकच्या अधिकृत सुरक्षा दलांचा भाग झालेली. म्हणजे कागदावर बघाल तर अमेरिकेने मित्रदेशाच्या जमिनीवर, त्याला न विचारता, त्याच्याच सरकारी दलाचा वरिष्ठ अधिकारी मारला. सुलेमानी हा इराणचा प्रश्न होता, मुहंदिस इराकचा झाला.

त्या रात्री तहरीर चौकात काही पोरांनी आनंद साजरा केला, हे खरं आहे, ते व्हिडिओ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी लगेच शेअरही केले. त्या पोरांचं मला नवल वाटत नाही, ज्याच्या माणसांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या तो मेला तर तुम्ही काय करणार. पण त्या एका व्हिडिओने त्यांचा घात केला. दुसऱ्या दिवसापासून ज्यांना या पोरांना अमेरिकेचे हस्तक ठरवायचं होतं त्यांच्या हातात आयतंच कोलीत मिळालं.

5 जानेवारीला इराकच्या संसदेत ठराव आला, परदेशी सैन्य बाहेर काढा. 329 जागांच्या सभागृहात 170च्या आसपास खासदार हजर, कुर्द आणि बहुतेक सुन्नी आलेच नाहीत. ठराव बंधनकारक नव्हता, सरकारही काळजीवाहू होतं. पंतप्रधानांनी सभागृहात सांगितलं की त्या सकाळी सुलेमानी मलाच भेटायला येणार होता, सौदीच्या निरोपाला इराणचं उत्तर घेऊन. ट्रम्प यांनी उलट इराकवरच निर्बंध लादायची धमकी दिली. मग 6 तारखेला एका अमेरिकी जनरलचं पत्र बाहेर आलं की आम्ही निघण्याची तयारी करतोय, आणि काही तासांत पेंटॅगॉन म्हणालं की तो नुसता मसुदा होता, चुकून गेला. बगदादमधला सामान्य माणूस हे सगळं टीव्हीवर बघतोय, त्याने काय समजायचं?

त्याच 5 तारखेला नासिरियामध्ये जे घडलं ते आपल्याकडे फारसं कुणी सांगितलं नाही. दक्षिणेतलं शहर, आंदोलनाचा बालेकिल्ला. सुलेमानी आणि मुहंदिस यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढून ती हबूबी चौकातून न्यायची होती, जिथे पोरांचे तंबू होते. पोरं आडवी उभी राहिली, म्हणाली इथून नाही, इथे आमची माणसं मेलीत. गोळीबार झाला, जखमी झाले. दोन महिने ज्या चौकात फक्त भ्रष्टाचार आणि नोकऱ्यांबद्दल बोललं जात होतं, तिथे आता एकच प्रश्न, तू कुणाच्या बाजूचा? आणि 'कुणाच्याच नाही' हे उत्तर चालेनासं झालं.

24 जानेवारीला इराकमधले शिया धर्मगुरू आणि नेते मुक्तदा अल-सद्र यांनी अमेरिकेविरोधात बगदादमध्ये प्रचंड मोर्चा काढला. हेच सद्र, ज्यांचे कार्यकर्ते तोवर चौकात पोरांच्या बरोबर होते, त्यांचं संरक्षणही करत होते. मोर्चा झाला आणि त्यांनी आंदोलनाचा पाठिंबा काढून घेतला, त्यांची माणसं तंबू गुंडाळून निघाली आणि दुसऱ्याच दिवशी सुरक्षा दलं चौकांमध्ये घुसली. पुढे पंतप्रधानपदाला दोन नावं आली आणि गेली, शेवटी मे महिन्यात मुस्तफा अल-काधिमी झाले, तोवर कोरोना आला होता. जुलैमध्ये हिशाम अल-हाशिमी, मिलिशियांवर बेधडक बोलणारा अभ्यासक, त्याला बगदादमध्ये त्याच्या घरासमोर मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. आणि 2021च्या नोव्हेंबरात खुद्द काधिमींच्या घरावर ड्रोन सोडले गेले.

मुहंदिस गेल्यामुळे मिलिशिया दुबळ्या झाल्या का, हे मला नेहमी विचारतात. विस्कळीत झाल्या, हो. इराकमधले सगळ्यात मोठे शिया धर्मगुरू आयतुल्ला सिस्तानी, त्यांना मानणाऱ्या तुकड्या एप्रिलमध्ये हश्दमधून बाजूला झाल्या, लहान लहान नवीन नावांचे गट रॉकेटं मारायला लागले, कुणाचा कुणाला पत्ता नाही. पण विस्कळीत होणं आणि दुबळं होणं यात फरक आहे, दहा तोंडं झाली की बोलणी कुणाशी करायची हा प्रश्न उरतो. इराणने तर काही तासांत सुलेमानीच्या जागी इस्माइल क़ानीला नेमलं. त्याचं बरंचसं काम अफगाणिस्तानच्या बाजूचं, बगदादच्या दिवाणखान्यांमध्ये सुलेमानीचं जे वजन होतं ते त्याला नव्हतं, पण यंत्रणा एक दिवसही थांबली नाही.

आता इराण. 5 ते 7 जानेवारी अंत्ययात्रा, अहवाझ, मशहद, तेहरान, कोम, शेवटी करमान, त्याचं गाव त्या भागातलं. तेहरानमध्ये इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई नमाज पढताना रडले. गर्दी खरी होती, ती सगळी सरकारने आणलेली होती असं समजू नका, सरकारवर चिडलेली कितीतरी माणसंही त्यात होती, कारण बाहेरच्याने आपल्या माणसाला मारलं की घरातलं भांडण बाजूला राहतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरचं रक्त सुकलंही नव्हतं आणि सरकारला लाखोंची गर्दी मिळाली. पण करमानमध्ये दफनाआधी चेंगराचेंगरी झाली, 56 माणसं मेली.

8ला पहाटे इराणने इराकमधल्या ऐन अल-असद आणि एर्बिलच्या तळांवर मिसाइल सोडली. इराकला आधी कळवलं होतं, अमेरिकी सैनिक बंकरमध्ये होते, कुणी मेलं नाही, पण पुढे 100हून जास्त जणांना मेंदूला मार बसल्याचं निदान झालं. दोन्ही बाजूंना इथे थांबायची सोय होती, दोघंही थांबले.

आणि मग ते विमान. मी तेव्हा पुण्यात राहायचो, शेजारच्या फ्लॅटमध्ये दोन इराणी विद्यार्थी होते. त्यातला एक त्या सकाळी आमच्याकडे आला, हातात फोन, बसला आणि नुसता स्क्रोल करत राहिला. बायकोने चहा ठेवला, तो गार झाला. तेहरानहून कीवला जाणारं युक्रेनचं विमान, उड्डाणाला तासभर उशीर, सव्वासहाच्या आसपास आकाशात गेलं आणि रिव्होल्यूशनरी गार्डच्याच दोन मिसाइलनी पडलं. 176 माणसं. त्यातल्या 138 जणांना कीवहून पुढे कॅनडाला जायचं होतं, सुट्टी संपवून परत निघालेले विद्यार्थी, प्राध्यापक, नुकतीच लग्नं झालेली जोडपी. तो ज्यात बघत होता ती प्रवाशांची यादी होती, आणि त्याच्या शाळेतली एक मुलगी त्यात होती. हल्ल्याची रात्र, प्रतिहल्ल्याची भीती, आणि विमानतळ चालूच ठेवलेला. तीन दिवस सरकार म्हणत राहिलं तांत्रिक बिघाड, 11 तारखेला कबूल केलं. गार्डच्या एरोस्पेस दलाचा प्रमुख अमीर अली हाजीजादे टीव्हीवर येऊन म्हणाला की जबाबदारी माझी, मला मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तेहरानमध्ये अमीर कबीर विद्यापीठासमोर पोरं जमली, शोकसभा म्हणून, आणि घोषणा खामेनेईंविरुद्ध गेल्या. एका आठवड्यात मिळवलेली ती गर्दी सरकारने एका सकाळीत घालवली. फेब्रुवारीतल्या संसद निवडणुकीत मतदान 42 टक्क्यांवर आलं, क्रांतीनंतरचं तोवरचं सगळ्यात कमी. पण मतदान कमी झालं म्हणून सरकार पडत नाही. सुधारणावादी उमेदवार आधीच बाद केलेले, निराश लोक घरी बसले, आणि संसद पूर्ण कट्टरांच्या हातात गेली. अणुकरारातल्या सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांच्या, मर्यादा तर इराणने 5 जानेवारीलाच झुगारून दिल्या होत्या.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. आधी म्हणाले हल्ला अगदी तोंडावर होता, ट्रम्प म्हणाले चार दूतावास निशाण्यावर होते, त्यांचेच संरक्षणमंत्री म्हणाले की चार दूतावासांचा तसा पुरावा मी बघितलेला नाही. सिनेटने 55 विरुद्ध 45 मतांनी ट्रम्प यांचे इराणविरुद्ध युद्धाचे अधिकार रोखणारा ठराव केला, आठ रिपब्लिकनही त्यात होते, मे महिन्यात ट्रम्प यांनी तो व्हेटो केला आणि विषय संपला.

आपल्याकडे 6 जानेवारीला सेन्सेक्स जवळपास 800 अंकांनी पडला, सोनं तोळ्याला 41,000च्या वर गेलं, ऐन लग्नसराईत. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतला मुलगा आखातात आहे त्या घरांना झोप नव्हती. दिल्लीचं निवेदन मात्र एवढंच की एक वरिष्ठ इराणी नेता मारला गेल्याची आम्ही नोंद घेतलीय. मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं होतं, आजही वाटतं.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, मग सुलेमानीला मारायला नको होतं का, त्याने कमी माणसं मारली का. नाही, कमी नाही मारली. सीरियात, इराकमध्ये त्याच्या माणसांनी जे केलं त्याचा हिशोब व्हायलाच हवा होता. माझं म्हणणं एवढंच की हिशोब मागणारे चौकात बसले होते, आणि ड्रोनने त्यांच्या हातातून तो हिशोब काढून घेतला.

तो विद्यार्थी आता भारतात नाही, अधूनमधून मेसेज करतो. विमानाच्या प्रकरणात इराणच्या लष्करी कोर्टाने 2023मध्ये दहा जणांना शिक्षा दिल्या, मिसाइल डागणाऱ्या यंत्रणेच्या कमांडरला तेरा वर्षं, बाकीच्यांना एक ते तीन, वरचा कुणीच नाही, आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी तो निकाल मानला नाही. 13 जून 2025ला इस्रायलने हाजीजादेला मारलं. मला वाटलं या पोराला काहीतरी बरं वाटलं असेल, म्हणून मी बातमी पाठवली. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणाला, त्या रात्री विमानतळ चालू ठेवा असं कुणी सांगितलं ते याला कोर्टात उभं करून विचारायचं होतं, आता कुणाला विचारू.