सिनेमा पाहावा, सत्कार कशाला?

नमस्कार श्रोतेहो. दिग्दर्शकाच्या हातून गुन्हा घडलेला असेल, तर त्याचा सिनेमा पाहावा की नाही? सिनेमा सुटला की चहाच्या टपरीवर हा वाद हमखास पेटतो. कुणी म्हणतं, कला वेगळी, कलाकार वेगळा. कुणी म्हणतं, असल्या माणसाचं नावच नको. मला दोन्ही पटत नाहीत. सिनेमा पाहणं वेगळं आणि माणसाचा सत्कार करणं वेगळं. हे मी आज पुन्हा सांगणार आहे, कारण आपण नेमकी इथंच गल्लत करतो.

सिनेदिग्दर्शक रोमान पोलान्स्कीचंच घ्या. जन्म १९३३ चा. लहानपणी पोलंडमध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या क्राकूवच्या वस्तीतून तो कसाबसा वाचला. आई आउशवित्झच्या छळछावणीत मारली गेली. हाच माणूस १९७७ साली अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात पकडला गेला. अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा त्यानं कोर्टात कबूल केला, आणि शिक्षा सुनावायच्या आधीच, १९७८ मध्ये, देश सोडून पळाला. २००२ मध्ये त्याचा ‘द पियानिस्ट’ आला.

तो सिनेमा आम्ही परभणीत, गंगाखेड रोडकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवला होता. उन्हाळा, खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या, भिंतीवर पांढरी चादर. सुरू करण्याआधी आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीनं माइक घेतला आणि दिग्दर्शकाचा गुन्हा चार वाक्यांत सांगितला. पुढच्या रांगेतले एक सर कुरकुरले, “कशाला मूड घालवता?” तिनं माइक खाली ठेवला आणि दिवे बंद केले.

सिनेमा सुरू होतो तोच रेडिओ स्टेशनात. सिनेमाचा नायक, ज्यू पियानोवादक स्पिलमन पियानो वाजवतोय आणि वॉर्सावर बॉम्ब पडतायत. माझ्यासारख्या माइकसमोर बसणाऱ्या माणसाला तो प्रसंग पाहवत नाही. पुढं उपाशी स्पिलमनला पडक्या घरात काकडीच्या लोणच्याचा एक डबा सापडतो, पण तो उघडायला काही नाही. आमच्याकडं एक निवृत्त अंगणवाडीताई होत्या, सगळे त्यांना काकूच म्हणायचे. नात त्यांच्या कानात मराठीतून सांगत होती. स्पिलमन डब्यावर सळई ठोकायला लागला तशा काकू मोठ्यानं म्हणाल्या, “हाण, अजून हाण!” डबा घरंगळत गेला आणि समोर जर्मन अधिकाऱ्याचे बूट दिसले. अख्ख्या हॉलनं श्वास धरला.

संपल्यावर नेहमीप्रमाणं कुणीतरी लगेच दिवे लावले. ही खोड मला मुळीच आवडत नाही. शेवटची नावं वाचू द्यावीत. माळेगावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाला लोक पार शेवटच्या पाटीपर्यंत बसलेले मी पाहिलेत. एका सिनेमामागं शेकडो हात राबतात, त्यांची नावं दिसायची वेळ तेवढीच असते. असो.

मग सर उठले. मोबाइलवर त्यांना सापडलं होतं की त्या पीडित मुलीनंच मोठेपणी, २००३ च्या ऑस्करआधी, वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं होतं, मतं सिनेमा पाहून द्या, माणूस पाहून नको. हे खरंच आहे. सर म्हणाले, “बघा, जिच्यावर बेतलं तीच म्हणते. मग आपण कोण?”

काकू बसल्या जागेवरून बोलल्या, “ते तिनं म्हणावं. तिचा हक्क हाय तो. तुमी कामून म्हणता?”

सर गप्प. काकूंनी पुढं विचारलं, “आन् तो इथं आला असता, तर हार घातला असता का तुमी?”

सर बराच वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, “नाही.” काकू म्हणाल्या, “मी बी नाही. सिनेमाला रडले मी. त्याला हार नाही घालणार.”

श्रोतेहो, या विषयावर मी बरंच वाचलंय, पण काकूंइतकं नेमकं कुठं सापडलं नाही. मार्च २००३ मध्ये ऑस्कर सोहळ्यात पोलान्स्कीला दिग्दर्शनाचं पारितोषिक जाहीर झालं. अमेरिकेत पाऊल टाकलं तर अटक, म्हणून तो आलाच नाही, आणि सभागृहातले कितीतरी जण त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होते. तो हार होता. ऑस्कर देणाऱ्या त्याच संस्थेनं २०१८ मध्ये त्याचं सदस्यत्व काढून घेतलं. २०२० मध्ये फ्रान्सच्या सेझार या सिनेपुरस्कारांच्या सोहळ्यात पुन्हा त्याचंच नाव पुकारलं गेलं, तेव्हा अदेल हेनेल ही अभिनेत्री उठून बाहेर गेली. ती सिनेमावर बंदी मागत नव्हती, ती सत्कारातून उठली. सिनेमा वेगळा, सत्कार वेगळा.

आपल्याकडं तर शाल-श्रीफळाशिवाय पानही हलत नाही. निमंत्रितांचे हार संपेपर्यंत कार्यक्रमाचा अर्धा वेळ गेलेला असतो, आणि हार कुणाच्या गळ्यात पडतोय हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

पण एका जागी माझा हा नियम चालत नाही. इटालियन दिग्दर्शक बर्टोलुच्चीच्या १९७२ च्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मध्ये नायिका मारिया श्नायडर एकोणीस-वीस वर्षांची होती. अत्याचाराच्या प्रसंगात नेमकं काय करणार आहेत, हे तिला आधी नीट सांगितलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर खराखुरा अपमान हवा होता, असं दिग्दर्शकानं पुढं स्वतःच सांगितलं. इथं गुन्हा सिनेमाच्या बाहेर नाही, पडद्यावरच आहे. आपण पाहतो ते तिचं खरं रडणं. तेव्हा तो सिनेमा आमच्या हॉलमध्ये लावायचा विषय निघाला, तर मी नाही म्हणणार, आणि का ते माइकवरून सांगणार.